पूर्ण हंगामाची शिकवणी

कर्जत किंवा कसाऱ्याची गाडी पकडून शनिवार-रविवारी शेतावर जाणारा डोंबिवलीकर आता दुर्मीळ राहिलेला नाही. कुणी नोकरी सोडून बदलापूर-मुरबाडकडे जमीन बघत असतो, कुणी कोकणातल्या पडीक वडिलोपार्जित वाट्याकडे पुन्हा वळलेला असतो. विषारी औषधे आणि रासायनिक खते वापरायची नाहीत, एवढे त्याचे पक्के ठरलेले असते. जीवामृताची कृतीही पाठ असते: 200 लिटर पाण्यात 10 किलो शेण, गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सुभाष पाळेकरांच्या शिबिरांनी ती गावोगाव पोचवली. पण जुलैत भाताच्या खाचरात रोपापेक्षा तणच उंच झाले, की विचारायचे कोणाला? शिबिर तर मार्चमध्येच संपलेले असते. शेतीचे ज्ञान एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसे जाते आणि कुठे अडते, हा या पानांचा विषय आहे. शेती कशी करावी हे सांगणारी पुस्तके पुष्कळ आहेत; या प्रश्नावर मराठीत फार थोडे लिहिले गेले आहे.

या विषयात शिरणाऱ्याने सुरुवात श्रीपाद अच्युत दाभोलकरांपासून करावी, असे मी आग्रहाने सांगेन. गारगोटीच्या मौनी विद्यापीठातले हे गणिताचे प्राध्यापक. 1960च्या दशकात त्यांनी उभा केलेला ‘प्रयोग परिवार’ हा शेतकऱ्यांनीच एकमेकांना शिकवण्याचा मोठा उद्योग होता. तासगाव भागातले द्राक्षबागायतदार आपल्या वेलीवर काय केले आणि काय घडले ते एकमेकांना सांगत, पडताळत. प्रत्येक शेतकरी संशोधक आहे ही भाषा आज कुणीही बोलतो. दाभोलकरांनी तिला शिस्त दिली. पानाचे क्षेत्रफळ, ऊन, मुळांची वाढ यांचे मोजमाप न ठेवणाऱ्याचा प्रयोग त्यांच्या लेखी प्रयोगच नव्हता. त्यांचे ‘प्लेंटी फॉर ऑल’ हे पुस्तक वाचताना काही ठिकाणी दमायला होते, पण ते चुकवू नये.

साधारण तशीच कल्पना पुढे जावा बेटावर स्वतंत्रपणे रुजली. कीटकनाशकांच्या माऱ्याने शत्रुकीड खाणारे कोळी आणि किडे मेले आणि तपकिरी तुडतुड्यांनी भात फस्त केला. 1986 मध्ये इंडोनेशियाने भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली, आणि 1989 पासून तिथे शेतीशाळा भरू लागल्या. शेतकऱ्यांचा गट पेरणीपासून कापणीपर्यंत दर आठवड्याला एकाच शेतात जमायचा, किडी मोजायचा, चित्र काढायचा आणि मग काय करायचे ते ठरवायचा. आपल्या कृषी खात्याच्या शेतीशाळेचे मूळ तिथे आहे. शिकवणी पिकाइतकी लांब असली पाहिजे, हा त्यातला मुद्दा मला सर्वात मोलाचा वाटतो. दोन दिवसांच्या शिबिराला प्रमाणपत्र देता येते. दोन दिवसांत भात निसवत नाही.

जवळची उदाहरणे कमी नाहीत. 2014 पर्यंत ठाणे जिल्ह्यात असलेल्या डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर कृषी शिक्षणाची जुनी परंपरा आहे. त्यापुढे गुजरातच्या हद्दीत, उंबरगाव तालुक्यातल्या देहरीला भास्कर सावे यांची ‘कल्पवृक्ष’ वाडी. सावे आधी प्राथमिक शिक्षक होते, आणि ते त्यांच्या शेतातही दिसे. पाहुण्याला ते झाडाखालची माती हातात घ्यायला लावत. 2010 मध्ये ‘आयफोम’ या जागतिक संघटनेने त्यांचा जीवनगौरव केला. इकडे कर्जत तालुक्यातल्या कशेळ्याला ‘अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स’ने देशी भातवाण जपण्याचे काम केले. नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी चिखलणी आणि लावणी दोन्ही टाळणारे एसआरटी तंत्र घडवले. गादीवाफे कायम ठेवायचे, कापणीनंतर मुळे जमिनीतच कुजू द्यायची, नांगर लावायचा नाही. गांडुळे परततात, मजुरी वाचते. पण त्यात तणनाशक वापरतात, आणि नैसर्गिक शेतीवाल्यांचा त्याला ठाम विरोध आहे. हा वाद नवख्याने टाळू नये, दोन्ही शेतांवर जाऊन बघावा. नांगरट वाईट की तणनाशक, याचे उत्तर सभागृहात मिळणार नाही.

एक शिक्षक मात्र बहुतेक अहवालांतून गळतो. शहरी माणूस शेत घेतो आणि राबायला ठाकूर किंवा कातकरी कुटुंब येते. शेवळे कधी उगवतात आणि ती काकडाच्या फळांबरोबरच का शिजवायची, कोणत्या खाचरात हळवे भात आणि कोणत्यात गरवे, राब भाजताना वारा कुठून हवा, हे त्यांना ठाऊक असते. कागदावर ते मजूर असतात आणि मालक ‘प्रशिक्षणार्थी’. रोजंदारीत शिकवण्याचे पैसे धरलेले नसतात. या क्षेत्रातला मला सर्वात अस्वस्थ करणारा प्रश्न हाच आहे, आणि त्यावर अजून पुरेसे काम झालेले नाही. 2011 पासून चालू असलेल्या सहभागी हमी पद्धतीत किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेते तपासून सेंद्रियपणाची ग्वाही देतो. तिथेही जमीन नावावर नसलेल्या जाणकाराला जागा कशी द्यायची, हे शोधावे लागेल.

जमिनीचा मुद्दा आला की कायदा येतोच. 1948च्या कूळ व शेतजमीन कायद्याच्या कलम 63 मुळे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. म्हणून आजोबांच्या सातबाऱ्यावरचे नाव कल्याणच्या फ्लॅटमध्ये अचानक मौल्यवान ठरते. ज्याच्याकडे ते नाही, त्याने जमीन कसायला मागितली तर मालक कूळ लागेल या भीतीने करार लिहून देत नाही. बोलीवर एक हंगाम मिळतो, फार तर दोन. माती सुधारायला त्याहून जास्त काळ लागतो, त्यामुळे शिकणारा माणूस शेणखत, आच्छादन, बांधावरची झाडे यांत हात आखडता घेतो आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या तरी शेतात पहिल्यापासून सुरुवात करतो.