रेणू कशाभोवती फिरवायचा?

आज आपण एक अगदी छोटा प्रश्न घेऊ. पडद्यावरचा रेणू आपण माउसने फिरवतो, तेव्हा तो नेमका कोणत्या बिंदूभोवती फिरतो? प्रश्न क्षुल्लक वाटतो खरा. पण त्याच्या मागे साठ वर्षांचा इतिहास आहे.

सुरुवात केंब्रिजपासून करू. 1960 च्या सुमारास जॉन केंड्र्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायोग्लोबिन या प्रथिनाची प्रतिकृती उभी केली. सुमारे 2,500 उभ्या सळ्या आणि एका ऑंगस्ट्रॉमला 5 सेंटिमीटर असं प्रमाण. ऑंगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग! हे सळ्यांचं जंगल फिरवणार कोण? त्यामुळे पाहणाऱ्यानेच प्रदक्षिणा घालायची. देव जागेवर, भक्त फिरतो.

काही वर्षांतच हे उलटं झालं. अमेरिकेत एमआयटीमध्ये सायरस लेव्हिन्थॉल यांनी संगणकाच्या पडद्यावर प्रथिनाचं रेषाचित्र काढलं आणि ते फिरवलं. 1966 साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांनी हे काम मांडलं. हाताखाली एक गोलक असे. तो वळवला की चित्र फिरे. यात निव्वळ गंमत नव्हती. स्थिर रेषाचित्र सपाट दिसतं. ते फिरायला लागलं की पुढचं काय, मागचं काय, हे डोळ्याला कळतं.

आता फिरवायचं म्हटलं की केंद्र आलंच. गणित सोपं आहे. प्रत्येक अणूच्या निर्देशांकांतून केंद्राचे निर्देशांक वजा करायचे, कोनाएवढं फिरवायचं, मग तेच परत मिळवायचे. पण केंद्र कुठलं घ्यायचं? स्फटिकातून आलेल्या फाइलमध्ये शून्यबिंदू रेणूच्या बाहेरही असू शकतो. त्याच्याभोवती फिरवलं तर रेणू गोफणीतल्या दगडासारखा पडद्याबाहेर जाईल.

1990 च्या दशकात रॉजर सेल यांचा 'रॅसमॉल' आला आणि साध्या संगणकांवर रेणू फिरू लागले. त्यात 'सेंटर' अशी एक आज्ञा होती. काही न सांगता दिली, तर रेणूचा गुरुत्वमध्य हेच केंद्र. अणूंचा एखादा गट सांगितला, तर त्या गटाचा मध्य.

ही सोय का लागते? हिमोग्लोबिन घ्या. त्यात चार साखळ्या, आणि प्रत्येकीत लोह असलेला एक हीम. समजा आपल्याला एकच हीम पाहायचा आहे, आणि तो रेणूच्या मध्यापासून 20 ऑंगस्ट्रॉमवर आहे. आपण तो इतका मोठा केला की पडद्यात जेमतेम 10 ऑंगस्ट्रॉम मावतात. आता रेणूच्या मध्याभोवती फक्त 30 अंश फिरवा. हीम साधारण 10 ऑंगस्ट्रॉम सरकतो. म्हणजे गेला पडद्याबाहेर! केंद्र लोहावर ठेवलं तर मात्र तो हलत नाही. सगळा रेणू त्याच्याभोवती फिरतो. लोहाच्या एका बाजूला बांधलेलं हिस्टिडीन, दुसऱ्या बाजूचं लांबचं हिस्टिडीन, आणि त्यांच्या मधली ऑक्सिजनची जागा, हे सगळं तेव्हाच चहूबाजूंनी नीट पाहता येतं.

पुढच्या कार्यक्रमांनी यात बारकावे आणले. 'पायमॉल'मध्ये 'सेंटर' आणि 'ओरिजिन' या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. पहिली निवडलेला भाग पडद्याच्या मध्यावर आणते आणि फिरण्याचं केंद्रही तिथे नेते. दुसरी दृश्य जागच्या जागी ठेवून फक्त केंद्र बदलते. 'कायमेरा-एक्स'मध्ये आपण जवळ गेलो की पडद्याच्या मध्यावर समोर जे दिसतं, त्याच्याभोवती फिरण्याची सोय आहे. सोय मोठी, पण केंद्र आपसूक बदलत राहतं. एकच जागा धरून ठेवायची असेल, तर ती आपणच सांगावी लागते.

एक गोष्ट विसरू नका. केंद्र बदललं म्हणून अणूंमधली अंतरं बदलत नाहीत. बदलतं ते आपलं लक्ष. जे केंद्राजवळ असतं ते कमी हलतं, म्हणून नजर तिथे ठरते. जे दूर असतं ते सुटतं. केंड्र्यूंच्या काळी पाहणारा पायांनी फिरायचा, कुठे थांबायचं ते तोच ठरवायचा. आज हे ठरवणं कार्यक्रमावर सोडून देणं फार सोपं झालंय. म्हणून आपण वर्गात रेणू दाखवतो, तेव्हा फिरवण्याआधी एक वाक्य बोलावं: 'आता आपण या अणूभोवती फिरतोय.' पाहणाऱ्याला मग कळतं, की हे दृश्य आपोआप आलेलं नाही, कुणीतरी निवडलेलं आहे.