ऑनलाइन अध्यापन आणि वीजवापराचे स्थलांतर (नागपूर)

वर्ग घरच्या पडद्यावर भरू लागले, की कॉलेजच्या मीटरवरचा भार विद्यार्थी व प्राध्यापकांच्या घरगुती मीटरवर जातो. त्या बदलाला इथे वीजवापराचे स्थलांतर म्हटले आहे. नागपुरात तो मार्च 2020 च्या टाळेबंदीनंतर प्रकर्षाने घडला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचे कार्यक्षेत्र नागपूर, वर्धा, भंडारा व गोंदिया या चार जिल्ह्यांचे. त्यामुळे वसतिगृहे रिकामी झाली तेव्हा मुलांबरोबर भारही शहराबाहेर, गावच्या डीपीवर (वितरण रोहित्रावर) गेला.

कॅम्पसचा वापर शून्यावर येत नाही. प्रयोगशाळेतले फ्रीज, सर्व्हर, पाण्याचे पंप, आवारातले दिवे चालूच राहतात. शिवाय कॉलेज उच्चदाब ग्राहक असेल, तर त्याला युनिटांखेरीज डिमांड चार्ज, म्हणजे कमाल मागणीवरचा आकार, भरावा लागतो. वापर घटला त्या प्रमाणात बिल घटत नाही.

घरी लॅपटॉप-राउटरचा भार किरकोळ, जेमतेम एका पंख्याएवढा. नागपुरात खरा हिशेब कूलरचा. मे महिन्यात इथला पारा 45 अंशांवर जातो. साठ मुलांच्या वर्गाला आठ पंखे, म्हणजे 600 वॅट पुरतात. तीच मुले साठ घरांत बसली, की साठ पंख्यांचे 4.5 किलोवॅट आणि साठ कूलरचे, प्रत्येकी 200 वॅट धरून, आणखी 12. हा गुणाकार मात्र फसवा आहे. हॉलमधल्या एकाच कूलरसमोर आजीची वामकुक्षी, धाकट्याची शाळा आणि थोरलीचे लेक्चर असे सगळे चालले असेल, तर तो कूलर एरवीही चाललाच असता. दार लावून वेगळ्या खोलीत बसण्याची सोय असलेल्या घरात दुसरा कूलर लागतो: रोज सहा तास, पंचवीस दिवस, म्हणजे 30 युनिट. महावितरणच्या घरगुती दरात 100 युनिटांपुढचा टप्पा जवळपास दुप्पट महाग असल्याने महिना 90 युनिटांच्या घराला ते चांगलेच जाणवतात.

ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठातील रॉबिन रॉय व सहकाऱ्यांनी 2005 मध्ये दूरशिक्षणाला कॅम्पसवरील शिक्षणापेक्षा सरासरी 87 टक्के कमी ऊर्जा लागते, असे दाखवले. ती बचत मुख्यतः प्रवास व निवासातली. नागपुरातही सीताबर्डीपर्यंतचे पेट्रोल वाचले तरी ते विजेच्या बिलात दिसत नाही.

नागपूरची मोजदाद घरगुती बिलांवरून करणे अवघड आहे. टाळेबंदीत मीटर रीडिंग थांबले, एप्रिल-मेची बिले हिवाळ्यातल्या सरासरीवर निघाली आणि उन्हाळ्याचा सगळा फरक जूनच्या एकाच बिलात आला. त्यात अभ्यासाचे युनिट किती, हे मीटर सांगत नाही.