भल्लातक ऊर्फ बिब्बा : पोथींतील महिना व वर्ध्याकडील झाड

जुन्या दप्तरांतून वैद्यकी बाड हातीं आलें म्हणजे संग्राहक त्याची लिपि, कागद व शक पाहतो. औषधींच्या नांवांकडे त्याचें लक्ष क्वचितच जातें. परंतु पाठ ज्या झाडाविषयीं बोलतो तें झाड पाहिल्यावांचून पाठाचा निर्णय होत नाहीं, असें आमचें मत आहे. उदाहरणादाखल आम्ही भल्लातक घेतों.

भल्लातक म्हणजे बिब्बा. वर्धा जिल्ह्यांत आर्वी, आष्टी, कारंजा व सेलू या तालुक्यांकडील डोंगराळ सागवानी रानांत हा वृक्ष आढळतो. फळाचा देंठाकडील भाग मांसल व नारिंगी असून तो खातात. टोकास काळी बी असते. तिच्या कवचांत दाहक तेल व आंत गोडंबी. तेल अंगास लागून फोड आले म्हणजे बिब्बा उतला म्हणतात. परीट याच तेलानें कपड्यांवर खुणा करीत. धाकट्या लिनियसनें वृक्षास दिलेल्या सेमेकार्पस या नांवाचा अर्थहि खुणेचें फळ असाच आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, चौथ्या अध्यायांत, हें द्रव्य तीन गणांत येतें. दीपनीय गणांत भल्लातकास्थि, कुष्ठघ्न गणांत अरुष्कर व मूत्रसंग्रहणीय गणांत भल्लातक, अशीं नांवें आहेत. अरुष्कर म्हणजे व्रण करणारें. हीं तीन निरनिराळीं द्रव्यें समजून सूची करणारा फसेल.

चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायांतील दुसऱ्या पादांत याचें रसायन सांगितलें आहे. आधीं शीत, स्निग्ध व मधुर आहारानें शरीर तयार करावें. मग १० बिब्बे ठेंचून आठपट पाण्यांत अष्टमांश उरेतों काढा करावा व तोंडास आंतून तूप लावून तो दुधासह घ्यावा. रोज एक वाढवीत ३० पर्यंत जावें, पुढें वाढवूं नये. नंतर तसेंच उतरावें. एकंदर प्रयोग सहस्रापुढें जाऊं नये. चढतीचे ४२० व पुन्हां दहावर येईपर्यंत उतरतीचे ३९० मिळून ८१० होतात. तेव्हां सहस्र ही बेरीज नसून मर्यादा होय, हें उघड आहे.

आतां महिन्यांचा प्रश्न. संहितेप्रमाणें पक्व फळें शुक्र किंवा शुचि, म्हणजे ज्येष्ठ किंवा आषाढ मासीं आणून यवांच्या अथवा माषांच्या राशींत चार महिने पुरावीं, आणि मार्गशीर्षांत वा पौषांत प्रयोगास आरंभ करावा. आमच्या प्रांतीं मात्र ज्येष्ठ-आषाढांत झाडास फुलें येत असतात. फळें पिकतात तीं मार्गशीर्षापासून माघापर्यंत. येथील वैद्यानें माघांत फळें आणून केवळ चार महिनेच मोजले, तर प्रयोग ज्येष्ठांत पडेल. वर्ध्याच्या कडक उन्हाळ्यांत असें अग्नितुल्य द्रव्य देणें म्हणजे ग्रंथाचा शब्द राखून हेतु मोडणें होय. ग्रंथकर्त्याचा कटाक्ष दोन गोष्टींवर आहे : फळ धान्यांत मुरावें, आणि प्रयोग हिंवाळ्यांत व्हावा. म्हणून येथें फळें पुढील मार्गशीर्षापर्यंत राखणें हाच त्या वचनाचा सरळ अर्थ ठरतो.

यावरून पाठशोधकानें एक बोध घ्यावा. एखाद्या बाडांत याच रसायनाचे महिने निराळे आढळल्यास तो लेखकाचा प्रमाद म्हणून मूळाबरहुकूम दुरुस्त करूं नये. कदाचित् तो त्या प्रांतींच्या वैद्याचा अनुभव असेल. उलट, तूप लावण्याची वा शरीर तयार करण्याची ओळ गळली असेल, तर ती गळल्याचें स्पष्ट नोंदवावें. बखरींतील एक ओळ गळली तर इतिहास अपुरा राहतो. येथें गळली तर एखाद्याचें तोंड भाजेल. ज्यांच्या संग्रहीं अशीं बाडें आहेत त्यांनीं तीं छापण्यापूर्वी एकवार रानाकडे पाहावें, इतकीच आमची विनंति आहे.