संगणक, संगीत आणि खरखर : एका संकल्पनेचा इतिहास

१

विद्युत्-अभियांत्रिकीत इंग्रजीतून ‘नॉइज’ या नावाने जी गोष्ट ओळखली जाते, तिचा आवाजाशी मुळात अनिवार्य असा संबंध नाही, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. तारेतून वाहणाऱ्या प्रवाहात जी अनियमित व अनिष्ट चंचलता आढळते, ती स्वतः मूक असते. तारेच्या टोकाला ध्वनिवर्धक असेल आणि त्याच्यापुढे कोणी ऐकणारा असेल, तरच ती कानी पडते. असे असूनही चित्रातील ठिपके आणि मोजमापातील चढउतार यांनाही शास्त्रज्ञ आज हीच संज्ञा लावतात. याचे कारण ऐतिहासिक आहे. या उपद्रवाची पहिली जाणीव दूरध्वनी ऐकणाऱ्यांना झाली, आणि कानाने दिलेले नाव पुढे कानाचा संबंध सुटल्यावरही टिकून राहिले.

जर्मन भाषेने याच गोष्टीसाठी ‘राउशेन’ हा शब्द योजिला. पानांची सळसळ व वाहत्या पाण्याचा आवाज हा त्याचा व्यवहारातील अर्थ होय. मराठीत असा एकच शब्द रूढ नाही. परंतु खरखर, घरघर, गुणगुण, सूंसूं अशी ध्वन्यनुकारी शब्दांची संपत्ती आपल्यापाशी विपुल आहे. प्रस्तुत लेखात ‘खरखर’ हा शब्द या सर्वांचा प्रतिनिधी म्हणून, म्हणजे विद्युत्प्रवाहातील कोणत्याही अनिष्ट चंचलतेसाठी, वापरला आहे.

संगीत ऐकण्यासाठी संगणक वापरणाऱ्यांपुढे ही खरखर कशी कमी करावी हा प्रश्न नेहमी उभा राहतो, आणि त्यावर नाना प्रकारचे उपाय व पुष्कळसा माल बाजारात उपलब्ध असतो. या उपायांची यादी देणे हा येथील हेतू नाही. खरखर हा एकजिनसी पदार्थ नसून तिच्या निरनिराळ्या जाती निरनिराळ्या काळी निरनिराळ्या कारणांनी ओळखल्या गेल्या आणि प्रत्येक जातीचा उपाय स्वतंत्र आहे, एवढेच इतिहासाच्या आधारे दाखवावयाचे आहे. जातीचा निर्णय न करता केलेला उपाय बहुधा व्यर्थ जातो.

२

पहिली जात शेजाऱ्याकडून येणारी. दूरध्वनीच्या आरंभीच्या काळात तारायंत्राच्या पद्धतीप्रमाणे एकच तार ताणीत, आणि प्रवाहाच्या परतीच्या मार्गासाठी जमिनीचाच उपयोग करीत. तारायंत्राला हे चालण्यासारखे होते. दूरध्वनीचा प्रवाह मात्र इतका क्षीण की जवळच्या तारेतील संदेश आणि जमिनीतून फिरणारे इतर प्रवाह त्यात सहज मिसळत. सन १८८८ मध्ये अमेरिकेतील रिचमंड येथे विजेच्या ट्रॅमगाड्यांची पद्धत यशस्वी झाली आणि ती इतर शहरांत झपाट्याने पसरली. ट्रॅमचा परतीचा प्रवाहही रुळांतून व जमिनीतूनच जाई. त्यामुळे दूरध्वनीच्या ग्राहकाला ट्रॅमची घरघर ऐकावी लागे.

यावर जो उपाय सर्वमान्य झाला तो असा की, जमिनीचा आश्रय सोडून परतीसाठी दुसरी तार घ्यावयाची आणि दोन्ही तारा एकमेकींभोवती पिळावयाच्या किंवा ठराविक अंतरावर त्यांची अदलाबदल करावयाची. पिळलेल्या जोडतारेचे एकस्व अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने १८८१ मध्येच मिळविले होते. यातील युक्ती सरळ आहे. बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच पडतो. ऐकणारे यंत्र केवळ दोन तारांमधील फरक घेते. सारख्या गोष्टींचा फरक शून्य होतो. धातूच्या पिंजऱ्यात बाहेरील विद्युत्-परिणाम शिरत नाही, हे त्यापूर्वी १८३६ मध्ये मायकेल फॅरडे याने बारा फूट लांबी-रुंदी-उंचीचा पिंजरा उभारून व स्वतः आत राहून दाखविले होते. संगणकाच्या संदर्भात आज सुचविल्या जाणाऱ्या पुष्कळशा उपायांचे मूळ या दोन युक्त्यांत सापडते.

३

दुसरी जात पदार्थाच्या अंगचीच. बर्लिन येथील सीमेन्स संस्थेत काम करणारा वॉल्टर शॉट्की याने १९१८ साली असे प्रतिपादन केले की, इतर सर्व दोष दूर केले तरी प्रवाहात दोन प्रकारची चंचलता शिल्लक राहणारच. एक उष्णतेमुळे येणारी. दुसरी वीज अखंड द्रवासारखी न वाहता सुट्या कणांच्या रूपाने वाहते म्हणून येणारी. या दुसरीस त्याने बंदुकीच्या छऱ्यांवरून नाव दिले. छऱ्यांचा वर्षाव पत्र्यावर व्हावा तसे हे कण येऊन आदळतात, ही त्यामागील कल्पना.

उष्णतेच्या चंचलतेचे मोजमाप बेल प्रयोगशाळेतील जॉन जॉन्सन याने केले आणि हॅरी नायक्विस्ट याने तिचे गणित मांडले. दोघांचे निबंध १९२८ साली प्रसिद्ध झाले. त्यांचा निष्कर्ष असा की, कोणत्याही रोधकाच्या टोकांमध्ये केवळ तो उष्ण आहे म्हणूनच काही विद्युत्-दाब सतत थरथरत असतो. त्याचे मान रोध, तपमान आणि आपण ऐकू इच्छितो त्या कंप्रतांचा विस्तार या तीन गोष्टींवर अवलंबून असते. नेहमीच्या तपमानात दहा हजार ओहमचा रोधक घेतला आणि वीस हजार हर्ट्झपर्यंतचा विस्तार धरला, तर हा दाब सुमारे १.८ मायक्रोव्होल्ट भरतो. तार सोन्याची असो वा तांब्याची, रोध व तपमान तेच असेल तर हा आकडा बदलत नाही.

१९२८ हे वर्ष या इतिहासात सीमारेषेचे मानले पाहिजे. ‘खरखर का होते?’ या एका प्रश्नाचे त्या वेळी दोन प्रश्न झाले. शेजाऱ्याकडून येणारी खरखर रचनेत सुधारणा करून टाळता येते. पदार्थाच्या अंगची खरखर कमी करता येते, पण नाहीशी करता येत नाही.

४

दूरच्या अंतरावर बोलणे पोचवावयाचे तर वाटेत जागोजाग ॲम्प्लिफायर बसवावे लागतात. प्रत्येक ॲम्प्लिफायर बोलण्याबरोबर खरखरही वाढवितो व स्वतःची थोडी भर घालतो. ही साखळी जितकी लांब, तितका संचय मोठा. पॅरिस येथे काम करणारा इंग्रज अभियंता ॲलेक रीव्ह्ज याने या संचयावर मूलगामी उपाय सुचविला. त्याचे फ्रेंच एकस्व १९३८ मधील आहे. ध्वनीच्या लहरीची उंची ठराविक काळाने मोजावी आणि लहरीऐवजी त्या मापांचे अंक स्पंदांच्या रूपाने पाठवावे, अशी ती कल्पना. स्पंद आहे की नाही एवढेच पुढील ठाण्याने ओळखावयाचे असल्यामुळे, स्पंद थोडा विद्रूप झाला तरी तो नव्याने कोरा करून पुढे धाडता येतो. अंकरूप ध्वनीचा जन्म खरखरीशी लढण्याच्या गरजेतून झाला, ही गोष्ट संगणकावर संगीत ऐकणाऱ्याने विसरता कामा नये.

क्लॉड शॅनन याच्या १९४८ च्या सुप्रसिद्ध निबंधाने या विचाराला सामान्य रूप दिले. त्याच्या आकृतीत खरखरीचा उगम एका स्वतंत्र चौकटीत दाखविला असून ती वाटेत संदेशात मिसळते. खरखर कोणती हे प्रवाहाकडे नुसते पाहून सांगता येत नाही; प्रेषकाला काय पाठवावयाचे होते हे ठाऊक असेल तरच ते ठरते. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला ही भूमिका परकी वाटणार नाही. वर्णाचे अस्तित्व त्याच्या ध्वनिद्रव्यात नसून इतर वर्णांहून असलेल्या भेदात आहे, हे आपण शिकवीतच असतो. रोमान याकोबसन, गुन्नार फांट आणि मॉरिस हॅले यांनी १९५२ साली वर्णांच्या भेदक लक्षणांची मांडणी केली, तीवर या संदेशशास्त्राची छाया स्पष्ट दिसते.

५

आता संगणकाकडे वळू. गृहोपयोगी संगणकाच्या इतिहासात खरखर आणि संगीत यांची पहिली गाठ विलक्षण रीतीने पडली. १९७५ साली कॅलिफोर्नियातील हौशी मंडळींच्या सभेत स्टीव्ह डॉम्पियर याने अल्टेअर ८८०० या संगणकाकडून गाणे वाजवून घेतले. त्या यंत्राला ध्वनी काढण्याचे कसलेही साधन नव्हते. परंतु शेजारी ठेवलेल्या रेडिओत त्याच्या मंडलांचा उपद्रव ऐकू येतो, हे डॉम्पियरच्या ध्यानी आले होते. तो उपद्रव हव्या त्या सुरात उमटावा अशा बेताने त्याने आज्ञावली रचली. रेडिओच्या दृष्टीने जी खरखर, तीच त्या सभेत संगीत ठरली. शॅननच्या भूमिकेचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

सर्वांनाच अर्थात हे संगीत रुचण्यासारखे नव्हते. शेजारच्या रेडिओ व दूरचित्रवाणीला संगणकांचा त्रास होऊ लागल्यामुळे अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने १९७९ मध्ये अशा यंत्रांच्या उत्सर्जनावर मर्यादा घातली. मात्र शेजाऱ्याला त्रास होऊ नये एवढाच तिचा हेतू होता. यंत्राच्या पोटातच कोणी संगीताचे मंडल बसवील याचा विचार तीत नव्हता. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने ‘साउंड ब्लास्टर’ हे कार्ड आणले आणि तसल्या कार्डांचा प्रसार झाला. दूरध्वनीला ट्रॅमचा शेजार होता, पण ट्रॅम रस्त्यावर होती. येथे मात्र लक्षावधी वेळा चालूबंद होणारी मंडले, पंखा व वीजपुरवठा एकाच पेटीत संगीताच्या शेजारी येऊन बसले. माऊस हलविला की ध्वनिवर्धकातून बारीक चिरचिर ऐकू येई, तिचे कारण हेच.

इंटेल कंपनीच्या ‘एसी ९७’ या १९९७ च्या रचनेत अंकांचे मंडल व लहरींचे मंडल दोन वेगळ्या चिपांत ठेवले गेले. १९९६ मध्ये यूएसबी आली आणि पुढे अंकांपासून प्रवाह बनविणारा परिवर्तक, ज्याला बाजारात ‘डॅक’ म्हणतात, तो पेटीबाहेरच काढता येऊ लागला. शेजार तुटला; पण संबंध पूर्णपणे तुटला नाही. यूएसबीच्या केबलमध्ये अंक नेणाऱ्या तारांच्या जोडीला पाच व्होल्टची एक तार व भूसंपर्काची एक तार असते. संगणक व ॲम्प्लिफायर दोघांनाही अर्थिंग असेल, तर या भूसंपर्कातून एक बंद वर्तुळ तयार होते आणि त्यातून फिरणारा प्रवाह ५० हर्ट्झची व तिच्या पटींची गुणगुण उत्पन्न करतो. परतीचा मार्ग सामायिक झाला की उपद्रव होतो, हा १८८८ चाच धडा होय. नील मन्सी याने १९९५ मध्ये दाखविले की, केबलच्या आवरणाची जोडणी यंत्राच्या धातूच्या पेटीशी करण्याऐवजी आतल्या मंडलाशी केल्यामुळे पुष्कळशी गुणगुण ओढवते. पेटीशी जोडणी करण्याचा नियम ध्वनि-अभियंत्यांच्या संघटनेने २००५ साली प्रमाण म्हणून स्वीकारला.

६

या इतिहासावरून व्यवहारास उपयोगी असे काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, अंक जोवर अंक आहेत तोवर खरखर त्यांना मलिन करीत नाही. त्यांत बिघाड झालाच तर तो तुटकपणाच्या किंवा कटकट आवाजाच्या रूपाने ऐकू येतो, मंद सूंसूंच्या रूपाने नव्हे. म्हणून शोध घ्यावयाचा तो जेथे अंकांचा प्रवाह बनतो तेथे व त्यापुढे.

दुसरा निष्कर्ष असा की, जातीचा निर्णय साध्या परीक्षेने होतो. मांडीवरच्या संगणकाचा चार्जर काढून तो केवळ बॅटरीवर चालविताच गुणगुण थांबली, तर दोष भूसंपर्काच्या वर्तुळाचा किंवा चार्जरचा समजावा. दोन्ही यंत्रांना एकाच बोर्डावरून वीज घेणे, अंक प्रकाशतंतूतून नेणे किंवा यूएसबीच्या वाटेत विद्युत्-विलगक बसविणे हे त्याचे उपाय. तोशिबाने १९८३ मध्ये आणलेल्या प्रकाशतंतूच्या जोडणीतून वीज मुळीच जात नसल्यामुळे वर्तुळ पुरेच होत नाही. सुरक्षिततेचे अर्थिंग काढून टाकणे हा मात्र उपाय नव्हे, तो अपघात होय.

तिसरा निष्कर्ष मर्यादेचा. परिवर्तकाचे पूर्ण उत्पादन दोन व्होल्ट धरले, तर सोळा अंकस्थानांच्या मापनात एक पायरी सुमारे ८६ मायक्रोव्होल्टची होते. चोवीस स्थानांच्या मापनात ती सुमारे ०.३४ मायक्रोव्होल्टची होते. वर सांगितलेल्या रोधकाची उष्णताजन्य खरखर १.८ मायक्रोव्होल्ट आहे हे ध्यानात घेता, चोवीस स्थानांपैकी शेवटची स्थाने पदार्थाच्या स्वाभाविक थरथरीत बुडून जातात हे उघड आहे. ‘संपूर्ण शांतता’ देण्याचे आश्वासन नायक्विस्टच्या गणिताला धरून नाही.

७

शेवटी आपल्या विषयाशी संबंध असलेला एक मुद्दा. ग्रियर्सनच्या सर्वेक्षणाशी निगडित अशा, १९१३ ते १९२९ या काळात भारतीय भाषांच्या ध्वनिमुद्रिका तयार झाल्या. त्या आज संगणकावर ऐकता येतात. बोलींची नवी मुद्रणेही आता संगणकावरच होतात. तेथे भूसंपर्काची गुणगुण राहून गेली तर १०० किंवा १५० हर्ट्झवरील तिच्या रेघा घोष ध्वनीच्या कंपनासारख्या दिसतात आणि अघोष व्यंजनाला घोष ठरविण्याची चूक संभवते. उलट, खरखर पुसून टाकणाऱ्या आज्ञावलीच्या हाती मुद्रण दिले, तर निराळेच संकट उद्भवते. मराठीतील ‘श’ व ‘स’ हे ध्वनिदृष्ट्या खरखरीचेच बनलेले आहेत; ‘म्ह’, ‘न्ह’, ‘ल्ह’, ‘व्ह’ यांतील महाप्राणत्व हेही श्वासमिश्रित, अर्धे खरखरीत असे असते. यंत्राला हे ठाऊक नसते. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारीसाठी घातलेला दोरा काढून घेतला, तर स्वर अधिक ‘स्वच्छ’ होईल, पण तंबोरा राहणार नाही; तसेच हे आहे.

म्हणून खरखर मुद्रणापूर्वी, तारांच्या रचनेतच टाळावी. मुद्रणानंतर ती पुसू नये, आणि पुसणे भागच पडले तर मूळ मुद्रण जसेच्या तसे जपून ठेवावे. काय ऐकावयाचे आहे हे ऐकणाऱ्याने आधी ठरवावे लागते; हा निर्णय यंत्रावर सोपविता येत नाही.