फामागुस्टा : एक पस्तिसांश रणगाडा

प्लास्टिकचा रणगाडा जुळवणे हा आपल्याकडे पोरखेळ समजला जातो. दिवाळीत अंगणात मातीचे किल्ले उभारणाऱ्या समाजाने तरी तसे समजू नये. फरक एवढाच, की आपल्या किल्ल्यावरचा मावळा बुरुजाहून उंच असला तरी कुणाची हरकत नसते. पस्तिसाव्या हिश्शाच्या प्रतिकृतीत मात्र एका मिलिमीटरची चूक म्हणजे मूळ रणगाड्यावरील साडेतीन सेंटिमीटर.

सुमारे 51 टनांचा सेंच्युरियन या प्रमाणात वीतभर लांबीचा होतो. खोक्यातून तो येतो तो बहुधा ब्रिटिश म्हणून; रंग त्यांचे, पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हेही त्यांचीच. त्याला भारतीय करायचे तर चाकांवरील बाजूचे पत्रे ठेवायचे की काढायचे, सामानाच्या पेट्या कुठे बसवायच्या, क्रमांक कोणत्या वळणाने लिहायचा, हे सारे जुन्या छायाचित्रांवरून ठरवावे लागते. इतिहासाच्या अभ्यासकाचे काम याहून फारसे वेगळे नसते.

त्यात पूना हॉर्सचा सेंच्युरियन करायचा म्हणजे गुंता वाढतो. हे घोडदळ 1817 च्या पुणे तहानंतर, पेशव्यांवर खर्च लादून, इंग्रजांनी उभे केले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात नागपुरात सीताबर्डीची लढाई झाली. पेशवाईला जखडण्यासाठी जन्मलेल्या या पलटणीने 1965 आणि 1971 या दोन्ही युद्धांत एकेक परमवीरचक्र मिळवले: पहिले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांचे, दुसरे पुण्यात जन्मलेल्या सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचे.

16 डिसेंबर 1971 रोजी बसंतरच्या लढाईत खेत्रपाल यांच्या सेंच्युरियनवर तोफगोळा लागला. रणगाडा सोडण्याचा आदेश आला. तोफ अजून चालते आहे, म्हणून त्यांनी तो मानला नाही. त्यानंतरच्या माऱ्यात ते कामी आले. वय 21. त्यांच्या रणगाड्याचे नाव सायप्रसमधील एका बंदराचे, ‘फामागुस्टा’. तो पुढे अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) चिलखती दलाच्या केंद्रात जतन केला गेला.

स्मारकातील रणगाड्याला रंगरंगोटी हवीच. उघड्यावर लोखंड गंजते. पण प्रतिकृती करणाऱ्याने त्या तकाकीची नक्कल करू नये, असे आम्हांस वाटते. त्याने 16 डिसेंबरची सकाळ शोधावी. कळमन्यात बसून हे काम करणाऱ्याने आपल्या विदर्भाची काळी माती ट्रॅकवर फासली, तर तो रणगाडा शकरगडचा राहणार नाही. तिथली माती नद्यांच्या गाळाची, फिकट. धूर, ओरखडे, धूळ हे सारे प्रमाणात हवे.

आणि गोळ्याचे भोक? ते पाडणे कौशल्याच्या दृष्टीने सोपे आहे: तापवलेली सुई आणि थोडा काळा रंग पुरतो. मात्र त्या पत्र्यामागे माणसे बसलेली होती. आम्ही ते भोक पाडले असते. पण प्रतिकृती शोकेसमध्ये, घड्याळाशेजारी ठेवली नसती.