खळ्यावरचा हिशेब आणि बुद्धीची मर्यादा

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातला माणूस सगळे पर्याय तोलून सर्वांत फायद्याचा निवडतो. हर्बर्ट सायमन यांनी 1955 च्या निबंधात याला हरकत घेतली. माहिती अपुरी, वेळ थोडा आणि आकडेमोडीची ताकद बेताची. म्हणून खरा माणूस 'पुरेसे बरे' दिसले की थांबतो. यालाच मर्यादित विवेकशीलता म्हणतात. सायमन यांना 1978 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

ही कल्पना समजायला प्रयोगशाळेपेक्षा मला तंजावरचे खळे सोयीचे वाटते. येथे 1855 पर्यंत भोसल्यांची गादी होती. कागद मोडीत लिहिले जात, पण गावचा हिशेब तमिळ. तमिळमध्ये 1/20 ला 'मा', 1/80 ला 'काणी' आणि 1/320 ला 'मुंदिरी' म्हणतात. एक वेली जमिनीचा विसावा भागही 'मा'च. म्हणजे शेताचे नाव घेतले की अपूर्णांक आपोआप तोंडात येतो! तिण्णै शाळेतली मुले हे सारे 'एण्सुवडी' या पाढ्यांच्या पोथीतून घोकत, जशी मराठी शाळांत पावकी, निमकी, सवायकी, औटकी घोकली जाई. घोकंपट्टीला आपण आज नावे ठेवतो; पण कागद महाग असताना ती डोक्यातली यंत्रसामग्रीच होती.

आता रास पाहू. समजा 60 कलम भात आले. 12 मरक्कालांचे एक कलम. सरकार, जमीनधारक आणि कसणारा यांची वाटणी होण्याआधी गावच्या सुतार-लोहारांचे वाटे राशीतून निघत. एखाद्याचा वाटा काणीभर असेल, तर 9 मरक्काल. पाढे येणाऱ्याला हे क्षणात सुचते. न येणारा कसणारा मात्र गावचा हिशेबनीस, म्हणजे कणक्कुपिळ्ळै, सांगेल ते ऐकतो. भांडायचे तर आधी मोजता आले पाहिजे, आणि रास तर आजच उचलायची आहे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल की तो 'पुरेसे बरे' म्हणून थांबला. खरे तर पुढे तपासण्याचे साधनच त्याच्याकडे नव्हते. सायमन मर्यादा सर्वांनाच आहे म्हणतात, ते बरोबर. ती सर्वांना सारखी नसते, हे खळ्यावर दिसते.

सरावासाठी: रास 47 कलम धरा आणि कागदाशिवाय काणीचा वाटा काढा. सात मरक्कालांच्या वर जे किंचित उरते, ते कोणाच्या टोपलीत टाकाल?