‘सिक्स्टीन टन्स’ : चुटकीच्या ठेक्यामागचे कर्ज

१/ १९५५ च्या अखेरीस टेनेसी अर्नी फोर्ड यांचे ‘सिक्स्टीन टन्स’ हे कंट्री गीत अमेरिकेत गाजू लागले. खर्जातला आवाज, क्लॅरिनेटची साथ आणि चुटकीचा ठेका. या ठेक्यामागे खाणकामगारांच्या कर्जाचा इतिहास आहे.

२/ गीतकार मर्ल ट्रॅव्हिस हे केंटकी राज्यातील म्यूलेनबर्ग परगण्याचे. वडील कोळसा खाणीत कामाला.

३/ त्या काळी अनेक खाणवस्त्यांत घर कंपनीचे आणि दुकानही कंपनीचेच. मजुरी भरलेल्या टनांवर ठरे. पगाराआधी उचल मागितली, तर रोख रकमेऐवजी कंपनीचे बिल्ले हाती पडत. ते त्याच दुकानात चालत आणि तेथील भाव बहुधा चढे असत. पगाराच्या दिवशी घरभाडे व उधारी वळती झाली की कामगाराच्या हाती फारसे काही उरत नसे.

४/ या देण्याविषयीचे वडिलांचे नेहमीचे बोल आणि भावाच्या पत्रातील एक वाक्य यांवरून ट्रॅव्हिस यांनी गीत रचले व १९४६ मध्ये ध्वनिमुद्रित केले. तेव्हा त्याचा फारसा बोलबाला झाला नाही.

५/ फोर्ड यांच्या तबकडीवरही ते दुय्यम बाजूलाच होते. तरीही कंट्री आणि पॉप या दोन्ही याद्यांत ते अग्रस्थानी पोहोचले.

६/ तोवर बिल्ल्यांची पद्धत मावळत चालली होती. परंतु दिवसभर राबूनही देणे वाढतच जाते, हे दुःख समजण्यासाठी श्रोत्याला खाणीत उतरावे लागले नाही.